बॉस्टनची केनेडी लायब्ररी: जाण्याआधी एवढं वाचा

राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडींच्या या लायब्ररीच्या नावावर जाऊ नका. कपाटातून पुस्तक काढून खिडकीशी वाचत बसायची ही जागा नाही. अमेरिकेत माजी राष्ट्राध्यक्षाची ‘लायब्ररी’ म्हणजे त्याच्या कारकिर्दीचा दप्तरखाना, त्याला जोडलेलं संग्रहालय आणि एक सभागृह. कारभार राष्ट्रीय अभिलेखागाराकडे, म्हणजे केंद्र सरकारकडे. वॉशिंग्टनमध्ये अर्थसंकल्प अडकून सरकारी कामकाज बंद पडलं की इथलंही दार बंद होतं. तशा बातम्या चालू असतील तर निघण्यापूर्वी खात्री करून घ्या.

पोचायला मेट्रोच्या रेड लाइनने जेएफके/यूमास स्टेशन. तिथून मोफत शटल बस आहे, नाहीतर साधारण 25 मिनिटांची चाल. हिवाळ्यात खाडीवरचा वारा बघता बसच बरी. मध्य बॉस्टनकडून येताना अ‍ॅशमाँट किंवा ब्रेनट्री, या दोन फाट्यांपैकी कुठलीही गाडी चालते. परतताना मात्र घोळ होतो. दोन्ही फाट्यांच्या गाड्या वेगवेगळ्या फलाटांवर येतात, त्यामुळे आधी कुठली येतेय ते बोर्डवर बघून मगच खाली उतरा. ब्रुकलाइनमधलं केनेडींचं जन्मघर ही अगदी निराळी जागा आहे, ते राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे. नकाशात नुसतं ‘केनेडी’ टाकलं तर गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला जायची.

संग्रहालयाची सुरुवात 17 मिनिटांच्या माहितीपटाने होते. तो टाळू नका, कारण बराचसा केनेडींच्याच आवाजात आहे आणि पुढची दालनं त्याच धाग्यावर चालतात. मग खाली उतरून 1960 ची निवडणूक, निक्सनबरोबरची टीव्हीवरची चर्चा, क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा पेचप्रसंग. ओव्हल ऑफिसच्या मांडणीजवळ नारळाची करवंटी शोधा. 1943 मध्ये, महायुद्धात, त्यांची पीटी-109 ही नौदलाची बोट बुडाल्यावर केनेडींनी या करवंटीवर सुटकेचा निरोप कोरून पाठवला होता. पुढे ती त्यांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून राहिली. हत्येचा भाग म्हणजे एक छोटा अंधारा बोळ आणि तेव्हाच्या टीव्ही बातम्या, बस्स. हत्या झाली त्या डॅलसचे तपशील बघायला येणारे इथे हिरमुसतात. आमच्या मते हा संयमच या मांडणीचं मोठं यश आहे.

बोळातून पुढे गेलं की वास्तुकार आय. एम. पेई यांचा 115 फूट उंचीचा काचेचा मंडप, समोर समुद्र. खरं तर ही इमारत केंब्रिजमध्ये हार्वर्डजवळ व्हायची होती. गर्दीच्या भीतीने तिथल्या रहिवाशांनी विरोध केला आणि 1979 मध्ये ती या टोकाला उभी राहिली. गैरसोय झाली खरी, पण असा समुद्र तिथे कुठून मिळाला असता! उन्हाळ्यात बाहेर केनेडींची ‘व्हिक्टुरा’ ही शिडाची होडी ठेवतात. एकूण अडीच-तीन तास धरा. दुपारी तीननंतर आत शिरलात तर शेवटची दालनं पळत बघावी लागतील.

बहुतेक पर्यटकांच्या हातून निसटतं ते सभागृह. ‘केनेडी लायब्ररी फोरम’मध्ये इतिहासकार, पत्रकार आणि सरकारात काम केलेली माणसं बोलतात. प्रवेश मोफत, पण नाव आधी नोंदवावं लागतं. नोंदणी म्हणजे खुर्ची पक्की असंही नाही. आधी येईल तो पुढे बसेल असा हिशेब, म्हणून किमान पाऊण तास आधी पोचा. संध्याकाळच्या कार्यक्रमाला जाऊन संग्रहालयही उरकू म्हणाल तर जमणार नाही, ते तोवर बंद झालेलं असतं. शटल किती वाजेपर्यंत आहे तेही जातानाच विचारून ठेवा.

कागदपत्रं बघायची असतील तर संशोधन कक्षाची वेळ आधी घ्यावी लागते. आत पेन चालत नाही, पेन्सिल लागते. कादंबरीकार हेमिंग्वेची हस्तलिखितंही इथेच आहेत, हे साहित्याच्या अभ्यासकांनाही अनेकदा ठाऊक नसतं. केनेडींच्या कागदपत्रांतला मोठा भाग 2011 पासून ऑनलाइन आहे. आधी तिथे शोधून पेटीचा आणि फोल्डरचा क्रमांक टिपून नेला तर अर्धा दिवस वाचतो.