घरच्या धनुष्यासाठी कोणता गोंद? दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या डिसेंबरात मी एकाच मापाची तीन धनुष्ये तीन निरनिराळ्या गोंदांनी जोडली आणि तेव्हापासून ती आलटून पालटून वापरत आहे. तिन्हींची रचना सारखी आहे: पाठीला (लक्ष्याकडच्या बाजूला) जुन्या कळकाची पट्टी, पोटाला (नेमबाजाकडच्या बाजूला) धामण, लांबी ६६ इंच आणि २८ इंचांच्या ओढीला सुमारे ४० पौंड जोर. (धामणीला संस्कृतात धनुर्वृक्ष हे नाव उगाच पडलेले नाही, इतके चिवट आणि लवचीक लाकूड सह्याद्रीत सहज मिळते, तरी आपण परदेशी मॅपल शोधत बसतो.) चिकटवताना तिन्हींची टोके साच्यावर पाठीच्या बाजूला ४० मिलिमीटर वळवली होती. हा उलटा बाक किती टिकतो, यावरूनच मी गोंदाची पारख केली.

त्याचे कारण असे की हा बाक गोंदानेच धरून ठेवलेला असतो. साच्यातून सुटलेल्या पट्ट्या सरळ व्हायला, म्हणजेच एकमेकींवरून सरकायला पाहतात; दोरी चढवली आणि ओढ घेतली की त्याच दिशेचा ताण आणखी वाढतो. वाकणाऱ्या तुळईत हा सरकवणारा ताण (कातर-ताण) जाडीच्या मध्याजवळ सर्वांत जास्त असतो आणि दोन पट्ट्यांच्या धनुष्यातला सांधा तिथून फार लांब नसतो. म्हणून सांधा एका झटक्यात किती भार सोसतो यापेक्षा तो तासन् तास भाराखाली राहिल्यावर किती सरकतो, हा प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो.

पहिल्या धनुष्याला सुतारकामाचा पांढरा गोंद वापरला होता. त्याचा सांधा आजतागायत कुठेही उघडलेला नाही, परंतु साच्यातून काढताना ३६ मिलिमीटर असलेला बाक मार्चअखेर २५ वर आला आणि मे महिन्यात एक अख्खी दुपार दोरी चढवलेल्या अवस्थेत मैदानात राहिल्यावर १२ वर. पांढरा गोंद सुकला तरी उष्णतेने मऊ होणाऱ्या जातीचाच राहतो. टाइटबाँड ३ सारखे त्याचे जलरोधक भाऊबंद उकळत्या पाण्याची चाचणी पार करतात आणि त्यांनी जोडलेली चांगली धनुष्येही पुष्कळ आहेत. तथापि पाण्याला दाद न देणे आणि भाराखाली न सरकणे हे दोन वेगळे गुण आहेत, हे मला हे धनुष्य वाया गेल्यावर पटले.

दुसऱ्याला युरिया-फॉर्मल्डिहाइडची पूड पाण्यात कालवून वापरली. बाकाच्या बाबतीत तक्रार नाही: ३५ चे ३३ झाले, एवढेच. मात्र हा गोंद कडक आणि ठिसूळ असल्याने त्याला रंध्याचे काम अगदी काटेकोर लागते. मुठीजवळ माझ्या हातून राहिलेल्या केसभर फटीत तो भरला गेला खरा, पण जुलैत नेमका तिथेच तडकला. शिवाय उघडलेला डबा पावसाळ्यात दमट होतो आणि वास घरच्यांना सहन होत नाही.

तिसरे धनुष्य मंद, म्हणजे सावकाश घट्ट होणाऱ्या, इपॉक्सीचे आहे आणि माझे मत त्याच्या बाजूने आहे. ३७ चे ३५ झाले आणि तिथेच थांबले. मात्र पांढऱ्या गोंदाची सवय इथे घातक ठरते. पांढऱ्या गोंदाला भरपूर दाब आणि अतिशय पातळ थर हवा असतो. इपॉक्सीला तसेच आवळले की सगळा माल कडेने बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. चाचणीच्या तुकड्यांत लोखंडी क्लॅम्प घट्ट पिळलेले सांधे हाताने सुटले, तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या तुकड्यांत लाकूड फाटले पण सांधा हलला नाही. तेव्हापासून मी ट्यूबच वापरतो. तिचा दाब सगळीकडे सारखा पडतो. पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत न करता ६० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडावा, भुसा पूर्ण झटकावा आणि मुठीला सागवानासारखे तेलकट लाकूड लावायचे असेल तर चिकटवण्यापूर्वी ते ॲसिटोनने पुसून घ्यावे. इपॉक्सीचे रेझिन आणि हार्डनर हे दोन्ही भाग अंदाजाने न घेता काट्यावर मोजावेत आणि हातमोजे विसरू नयेत, कारण हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की ती पाठ सोडत नाही. पाच मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी भुजांना (मुठीच्या दोन्ही बाजूंच्या वाकणाऱ्या भागांना) वापरू नये. पट्ट्या साच्यावर बसेपर्यंत तो आळून जातो आणि उन्हातही कमी टिकतो.

उष्णतेचा प्रश्न इपॉक्सीलाही आहे. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेला साधा इपॉक्सी ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो आणि मे महिन्यात बंद मोटारीत तेवढे तापमान सहज होते. यावर उपाय म्हणून मी प्लायवुडच्या पेटीत जुने पिवळे बल्ब लावून साच्यासकट धनुष्य ५५ अंशांवर पाच तास ठेवले. अशा शेकण्याने इपॉक्सीची उष्णता सोसण्याची मर्यादा वाढते. एवढे करूनही धनुष्य मी गाडीत ठेवत नाही आणि नेमबाजी संपली की दोरी लगेच उतरवतो.