इंजिनाच्या आगीसाठी हॅलॉन ठेवायचा की बदलायचा? १३०१, एचएफसी-१२५ आणि बाकीचे

लष्करी विमानाच्या इंजिनातली आग विझवणारी यंत्रणा बदलायची फाईल ज्यांच्या टेबलावर आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. हॅलॉन म्हणजे त्या यंत्रणेच्या बाटलीत भरलेला, आग विझवणारा वायू; १३०१ हा त्याचा एक प्रकार. गोव्यात दाबोळीच्या आसपास विमानांच्या देखभालीत आयुष्य घालवलेल्या आम्हा मंडळींत हा विषय नेहमीचा आहे. हल्ली वेर्णा औद्योगिक वसाहतीतली तरुण मुलंही विचारतात, "काका, हॅलॉन बंद झालाय ना? मग आम्ही कशाची तयारी करायची?" माझं मत आधीच सांगतो. उडत असलेल्या जुन्या विमानात हॅलॉनच राहू द्या आणि त्याला जपा. कागदावर असलेल्या नव्या विमानात एचएफसी-१२५ हा पर्यायी वायू धरा. या दोन प्रश्नांना एकच उत्तर शोधायला गेलात तर पैसा जाईल आणि सुरक्षितताही.

आधी "बंद झालाय" याबद्दल. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या माँट्रियल कराराने हॅलॉनचं उत्पादन थांबवलं, विकसित देशांत १९९४ पासून आणि आपल्यासारख्या देशांत २०१० पासून. वापरावर सरसकट बंदी आली नाही. आज विमानांत भरला जातो तो जुन्या बाटल्यांतून काढून शुद्ध केलेला साठा. तो दरवर्षी कमी होणार, हे खरं. पण साठा कमी होतोय म्हणून घाईघाईने दुसरा वायू भरायचा, हा युक्तिवाद मला पटत नाही.

कारण इंजिन बे, म्हणजे विमानात इंजिन बसवलेली पोकळी, ही साधी बंद खोली नाही. तिथून सतत हवा वाहते, इंजिनाचं आवरण तापलेलं असतं, आणि गळणारं इंधन किंवा हायड्रॉलिक तेल नेमकं त्या आवरणावर पडतं. १६ नोव्हेंबर २०१९ ला दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावरून उडालेलं मिग-२९के प्रशिक्षण विमान पक्ष्यांच्या थव्यात सापडलं. एक इंजिन बंद पडलं, दुसऱ्याने पेट घेतला. दोन्ही वैमानिकांनी विमान वस्तीपासून दूर वळवलं आणि ते सुखरूप बाहेर पडले. कुठल्याही बाटलीने ते विमान वाचलं असतं असा माझा दावा नाही. पण असा प्रसंग ज्या गावांच्या डोक्यावर घडतो, त्या गावांत राहणाऱ्याला हा विषय कागदी वाटत नाही.

वैमानिक फायर हँडल ओढतो, इंधनाची वाट बंद होते. मग बाटलीवरचा स्क्विब, म्हणजे छोटं स्फोटक काडतूस, फुटतो, चकती फाटते आणि नायट्रोजनच्या दाबाने वायू नळीतून बेमध्ये घुसतो. अमेरिकेच्या एफएएची, म्हणजे नागरी विमान नियामकाची, कसोटी अशी की बेच्या सगळ्या ठिकाणी एकाच वेळी किमान अर्धा सेकंद ६ टक्के हॅलॉन १३०१ असायला हवा. तेवढंच काम एचएफसी-१२५ कडून करून घ्यायला १७.६ टक्के लागतात, सीएफथ्रीआय या दुसऱ्या पर्यायी वायूला ७.१.

या आकड्यांतच बरंचसं उत्तर आहे. रेणूंच्या वजनाचा हिशोब लावला की एचएफसी-१२५ चं वजन हॅलॉनच्या साधारण २.४ पट भरतं. त्याचा द्रव हलका असल्याने जागा तर तिप्पटीच्या आसपास लागते. म्हणजे जुन्या बाटलीत नवा वायू भरून भागत नाही. बाटली मोठी, ब्रॅकेट नवा, नळीचा व्यास वेगळा, तोंडं वेगळ्या जागी, आणि विमानाच्या तोलाचा हिशोब पुन्हा. अमेरिकेने १९९० च्या दशकात राइट-पॅटरसन तळावर सविस्तर चाचण्या करून एचएफसी-१२५ निवडला आणि तो एफ/ए-१८ई/एफ, व्ही-२२, एफ-२२ अशा विमानांच्या इंजिन बेमध्ये बसवलाही. पण ती सगळी त्या वेळी नवी विमानं होती. बाटलीची जागा आराखड्यातच सोडता आली. बांधून झालेल्या विमानात ती जागा आणणार कुठून?

पर्यावरणाच्या नावाने एचएफसी-१२५ विकला जातो, तेव्हा अर्धीच गोष्ट सांगितली जाते. ओझोनच्या बाबतीत तो निर्दोष आहे आणि हॅलॉन १३०१ फार वाईट: ओझोन संपवण्याची त्याची क्षमता १०, एचएफसी-१२५ ची शून्य. तापमानवाढीत मात्र कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत हॅलॉन सुमारे ७ हजार पट, एचएफसी-१२५ सुमारे साडेतीन हजार पट. आता वजन २.४ पट लावा. एक बाटली सुटली की हवामानाचं नुकसान हॅलॉनइतकंच, किंबहुना थोडं जास्तच. शिवाय माँट्रियल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीने एचएफसीवरही घड्याळ लावलंय. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. आपल्याकडे २०२८ ला पातळी गोठणार आणि २०३२ पासून कपात सुरू होणार. तरीही नव्या विमानासाठी मी त्याच्याच बाजूने आहे, कारण इंजिन बेमध्ये खरोखर वापरात असलेला पर्याय तो आहे.

सीएफथ्रीआय कागदावर सगळ्यांत देखणा. जवळजवळ जुन्याच आकाराच्या बाटलीत मावतो, वातावरणात काही दिवसांत विरून जातो. पण तो उकळतो उणे २२ अंशांवर. उंचावर बाटली उणे ५४ पर्यंत गारठली तर तो द्रवच राहतो, नीट पसरत नाही. हॅलॉन १३०१ उणे ५८ लाच वायू होतो, एचएफसी-१२५ उणे ४८ च्या आसपास. एचएफसी-१२५ चं गणित काठावरचं, पण जमणारं. दुसरी अडचण माणसांची. सीएफथ्रीआय हवेत ०.४ टक्के असला तरी हृदयाचे ठोके बिघडवू शकतो. हॅलॉनला त्यासाठी ७.५ टक्के लागतात. उडताना बेमध्ये कोणी नसतं, हे कबूल. पण हँगरमध्ये बाटली उतरवणारा पोरगा तिथेच वाकलेला असतो. त्याचा विचार न करता निवड करणं मला मान्य नाही.

बाकीच्यांवर फार वेळ घालवू नका. एफके-५-१-१२ हे आग विझवणारं रसायन सर्व्हर रूमसाठी उत्तम, पण ४९ अंशांवर उकळणारा द्रव गारठलेल्या बेमध्ये काय पसरणार? त्याची मूळ उत्पादक कंपनी ३एमने २०२५ अखेर या रसायनांतून बाहेर पडायचं २०२२ मध्येच जाहीर केलं होतं. सोडियम बायकार्बोनेटची पावडर आग छान मारते, पण मागे उरते. समुद्रावरून आलेलं विमान आपण खारटपणा जावा म्हणून गोड्या पाण्याने धुतो. त्याच इंजिनात गोव्याच्या दमट हवेत पावडर चिकटून राहिली, तर गंजाला आमंत्रणच.

रशियन बनावटीच्या विमानांचा विचार वेगळा करा. तिथे परंपरा हॅलॉन २४०२ ची, जो ४७ अंशांवर उकळणारा द्रव आहे. त्याच्या नळ्या आणि तोंडं त्याच हिशोबाने केलेली. १३०१ साठीचा पर्याय तिथे बसेल असं गृहीत धरू नका. बोइंग ७३७ च्या घराण्यातल्या विमानांत १३०१ असतो, पण तिथे बदल मूळ उत्पादकाला टाळून होत नाही.

मग हॅलॉन ठेवायचा तर जपायचा कसा? बाटली हातात घेऊन बघा. पोलादी गोळा, बाजूला छोटं दाबमापक, खाली सेफ्टी वायरने बांधलेला स्क्विब. काटा हिरव्या पट्ट्यात दिसला की लोक खूश होतात. पण काटा प्रामुख्याने नायट्रोजनचा दाब सांगतो, हॅलॉन किती उरलाय ते नाही. मे महिन्यात धावपट्टीवर तापलेल्या विमानात तो वर चढलेलाच दिसणार, म्हणून तापमानाचा तक्ता लावल्याशिवाय वाचू नये. खरी खात्री वजनकाट्यावर होते. आणि भरलेल्या हॅलॉनचा शुद्धतेचा दाखला मागा: २००९ मध्ये युरोपात भेसळीचा हॅलॉन विमानांच्या यंत्रणांत गेल्याचं उघड झालं आणि बाटल्या काढून घेण्याचे आदेश निघाले होते.

नव्या वायूचा प्रस्ताव आला तर एकच कागद आधी मागा: याच विमानाच्या, याच बेमध्ये, हवा वाहत असताना आणि बाटली गारठवून केलेल्या चाचणीची नोंद. खोलीतल्या चाचणीचा कागद इथे चालत नाही, आणि लष्करी विमानांना उड्डाणयोग्यतेची मान्यता देणाऱ्या बंगळुरूच्या सेमिलॅक संस्थेची मान्यता तर लागणारच.

वेर्ण्याच्या मुलांना मी सांगतो, वायूच्या मागे लागू नका. बाटल्यांची जलदाब चाचणी, उतरवलेल्या बाटलीतला हॅलॉन थेंबभर न सांडता परत काढणं, त्याची शुद्धता तपासणं, मुदत संपलेले स्क्विब बदलणं, ही कामं वायू कुठलाही आला तरी राहणार आहेत. आणि आत्ता, या साठ्याच्या काळात, ती सगळ्यांत जास्त लागणार आहेत.