स्काउटची बॅग की कराराची फाइल? एनएफएलच्या जीएमच्या खुर्चीकडे जाणारे दोन रस्ते

एनएफएल या अमेरिकेतल्या फुटबॉल लीगमध्ये संघ ३२. म्हणजे संघात कोणते खेळाडू असावेत हे ठरवणाऱ्या जनरल मॅनेजरच्या, जीएमच्या, खुर्च्या फार तर ३२, आणि त्यातली डॅलसची खुर्ची १९८९पासून मालक जेरी जोन्स स्वतःच अडवून बसले आहेत. तरीही "मला जीएम व्हायचंय, काय शिकू?" असं विचारणारे कमी होत नाहीत. अमेरिकेत वाढलेली मराठी मुलं विचारतात, आणि संख्याशास्त्रात एमएस करायला पुण्या-मुंबईहून निघालेलेही विचारतात. फुटबॉल म्हणजे इथे अर्थातच अंडाकृती चेंडूचा, अमेरिकन.

त्या खुर्चीकडे जाणारे ठळक रस्ते दोन. एक स्काउटिंगचा: कॉलेजांतून हिंडायचं, खेळाडू बघायचे, अहवाल लिहायचे. दुसरा करारांचा आणि आकड्यांचा: पगाराची मर्यादा सांभाळायची, एजंटांशी वाटाघाटी करायच्या. तिसरेही प्रकार आहेत. सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनायनर्सचे जॉन लिंच २०१७मध्ये टीव्हीवरची कॉमेंट्री सोडून थेट जीएम झाले. पण त्यांच्यासारखं हॉल ऑफ फेमच्या तोडीचं खेळणं हे काही कुणाला करिअर म्हणून ठरवता येत नाही, तेव्हा ते सोडून देऊ.

माझा कल आधीच सांगतो. हा खेळ ज्याने कधी खेळला नाही, त्याने दुसरा रस्ता धरावा. कॉलेजच्या संघात ज्याने खेळाडू म्हणून किंवा निदान व्हिडिओचं काम करणारा म्हणून चार वर्षं काढली आहेत, त्याने मात्र पहिला रस्ता इतक्या सहज सोडू नये.

रस्त्यावरचं वर्ष

स्काउटचं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं. देशाचे विभाग पाडलेले असतात, एकेका विभागाला एकेक माणूस. नोव्हेंबरपर्यंत तो गाडीतून कॉलेजमागून कॉलेज पालथं घालतो. मैदानावर काय चाललंय ते व्हिडिओवरही दिसतं, त्यामुळे तिथे जाऊन खरं काम असतं ते बोलण्याचं. प्रशिक्षक तर बोलतातच, पण चांगला स्काउट दुखापती बघणाऱ्या ट्रेनरशी आणि किट सांभाळणाऱ्या माणसाशीही मैत्री ठेवतो. पोरगा जिममध्ये वेळेवर येतो का, आपटल्यावर दुसऱ्या दिवशी सरावाला उभा राहतो का, हे त्यांना माहीत असतं. ही माहिती ओळखीवर मिळते, आणि ओळख व्हायला वर्षं जातात. बाहेरून आलेल्याला स्काउटिंग अवघड जातं ते इथे. खेळ समजतो की नाही हा प्रश्न नंतरचा, आधी समोरचा माणूस तुमच्याशी मोकळं बोलायला हवा.

मग जानेवारीअखेरीस अलाबामातल्या मोबिलला सीनियर बोल हा कॉलेजच्या खेळाडूंचा प्रदर्शनी सामना, फेब्रुवारीअखेरीस इंडियानापोलिसला कम्बाइन, म्हणजे खेळाडूंच्या चाचण्या, त्यानंतर कॉलेजांतच होणाऱ्या तशाच चाचण्या, म्हणजे प्रो डे, आणि एप्रिलअखेरीस ड्राफ्टच्या सात फेऱ्या, ज्यांत संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात. त्याआधी अनेक आठवडे सगळे स्काउट एका खोलीत बसून प्रत्येक नावावर भांडतात आणि शेवटी एक क्रमवारी ठरते. तिला 'बोर्ड' म्हणतात. ड्राफ्टच्या दिवशी जीएमचं काम बरंचसं एवढंच, की बोर्ड मोडायचा नाही.

ऐकायला सोपं वाटतं. १९९६मध्ये बॉल्टिमोर रेव्हन्सचा पहिलाच ड्राफ्ट होता. चौथ्या क्रमांकाला मालक आर्ट मॉडेल यांना लॉरेन्स फिलिप्स हा चेंडू घेऊन धावणारा खेळाडू हवा होता. खेळाडू निवडीची जबाबदारी असलेल्या ओझी न्यूसम यांच्या बोर्डावर वर होतं जॉनथन ऑग्डनचं नाव. न्यूसम बोर्डाला चिकटून राहिले आणि त्याच फेरीत २६व्या क्रमांकावर त्यांनी रे लुइसला घेतलं. पुढे दोघेही हॉल ऑफ फेममध्ये गेले. त्याच वर्षी तिथे अगदी खालच्या पायरीवर लागलेला एरिक डिकोस्टा २०१९मध्ये न्यूसम यांच्या जागी बसला. मध्ये तेवीस वर्षं गेली. स्काउटिंगचा रस्ता म्हटला की मला हा हिशोब आठवतो.

कराराच्या टेबलावर

एनएफएलने १९९४मध्ये संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा घातली. हीच 'कॅप'. तेव्हा ती प्रत्येक संघाला ३.४६ कोटी डॉलर होती, २०२५मध्ये २७.९२ कोटी. ती वाढत गेली तसा मर्यादेत राहून जास्तीत जास्त खेळाडू बसवणारा माणूसही मोठा होत गेला.

त्याचं मुख्य हत्यार साइनिंग बोनस. समजा पाच वर्षांचा करार आहे आणि पाच कोटी डॉलर बोनस. रोख पैसे खेळाडूला आत्ताच मिळतात, पण कॅपच्या वहीत दरवर्षी एकच कोटी पडतो. या वर्षी जागा झाली. दोन वर्षांनी त्याला काढायचं ठरवलंत तर उरलेले तीन कोटी एकदम अंगावर येतात, कारण जे देऊन झालंय ते वहीत कधीतरी धरावंच लागतं. याला 'डेड मनी' म्हणतात. १ जूननंतरची सुटका म्हणून नोंद केली तर हा बोजा दोन वर्षांत विभागता येतो. करारात नावापुरती पुढची वर्षं घातली तर हप्ते आणखी लांबवता येतात. फिलाडेल्फिया ईगल्सचे जीएम हाउई रोझमन यांनी ही युक्ती सर्वांत बिनधास्तपणे वापरली.

दुसरं हत्यार कागदावरची भाषा. २०१४मध्ये फॉर्टीनायनर्सच्या कॉलिन केपरनिकचा करार '६ वर्षं, १२.६ कोटी डॉलरपर्यंत' असा गाजला. प्रत्यक्षात सही करताना पूर्ण हमी होती ती जेमतेम १.३ कोटींची. बाकीचं सगळं वर्षावर्षाच्या अटींवर. फॉर्टीनायनर्सकडून असे करार करणाऱ्या माणसाचं आडनाव आपल्याला परकं नाही: पराग मराठे. बर्कलीतून पदवी, स्टॅनफर्डमधून एमबीए, आणि बेन या सल्लागार कंपनीत असताना ड्राफ्टमधल्या जागांचं मोल काढण्याच्या कामातून संघाशी संबंध आला. २००१पासून ते तिथे आहेत.

मराठेंचं उदाहरण एका वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाचं आहे. त्यांच्या काळात जीएम बदलत गेले: टेरी डॉनह्यू, स्कॉट मॅक्लूअन, ट्रेंट बालकी, मग लिंच. ते टिकले. स्काउटचं तसं नसतं. ड्राफ्ट आटोपला की मे महिन्यात करार संपतात, नवा जीएम आपली माणसं आणतो, आणि वीस वर्षांचा अनुभवी माणूस घर विकून दुसऱ्या राज्यात जातो. कॅपची वही कळणाऱ्याला घालवणं मात्र कुठल्याही नव्या साहेबाला परवडत नाही. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा, मराठे स्वतः जीएम झाले नाहीत. ते क्लबांच्या मालकीच्या व्यवसायाकडे वळले आणि २०२३मध्ये लीड्स युनायटेडचे, म्हणजे गोल चेंडूच्या फुटबॉलमधल्या क्लबचे, अध्यक्ष झाले. वाईट झालं असं कोण म्हणेल? पण ज्याला ती विशिष्ट खुर्चीच हवी आहे, त्याने हे पाहून ठेवावं.

खुर्ची मिळालेलेही आहेत. स्टीलर्सचे ओमर खान, वडील भारतातले आणि आई होंडुरासची, २००१पासून पिट्सबर्गमध्ये करार आणि कॅप सांभाळत होते. २०२२मध्ये जीएम झाले. त्यांच्या शेजारी सहायक जीएम म्हणून अँडी वाइडल आले, आणि वाइडल पक्के स्काउट. ही जोडी योगायोगाची नाही. करारवाल्याला मालक खुर्ची देतात तेव्हा बाजूला एक डोळस स्काउट लागतोच.

ऑगस्टचा तो दिवस

दोन्ही कामं एकाच टेबलावर बघायची तर ऑगस्टअखेरचा कटडाउनचा दिवस घ्यावा. सराव शिबिरातले ९० खेळाडू त्या दिवशी ५३वर आणायचे असतात. एका संघातून ३७ जण बाहेर, सगळ्या लीगमधून हजाराहून जास्त.

स्काउटिंगची माणसं गेले तीन आठवडे इतर ३१ संघांचे सरावसामने बघत असतात, कारण त्यांनी सोडलेल्यांतला एखादा दुसऱ्या दिवशी वेव्हरवर, म्हणजे सोडलेल्या खेळाडूवर इतर संघ हक्क सांगू शकतात त्या यादीवर, उचलता येतो. करारवाले त्याच वेळी मोजत असतात, की कुणाला सोडल्याने किती डेड मनी पडतो. यात एक छान खाचखळगा आहे. चार हंगाम पूर्ण केलेला जुना खेळाडू या दिवसांत वेव्हरला लागत नाही, तो थेट मोकळा होतो. म्हणून त्याला खाजगीत सांगतात, "आज सोडतो, उद्या परत घेतो." कागदावर काहीच नसतं, नुसता शब्द असतो. शिवाय असा खेळाडू पहिल्या सामन्याच्या यादीत असला तर त्याच्या वर्षभराच्या पगाराची हमी लागते, त्यामुळे काहींना दुसऱ्या आठवड्यात बोलावणं येतं. हा निर्णय स्काउटचा की करारवाल्याचा, हे सांगता येत नाही. जीएमला दोन्ही कानांनी ऐकून दुपारपर्यंत ठरवायचं असतं.

आणि ३७ जणांना सांगायचंही असतं. ते कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

चूक कुणाला महाग पडते

माझ्या मते निवड करताना सर्वांत जास्त विचार याचा करावा.

क्लीव्हलँड ब्राउन्सने २०१६मध्ये कारभार सॅशी ब्राउन या हार्वर्डच्या वकिलाकडे दिला. त्यांनी आज हरून उद्याच्या ड्राफ्टच्या जागा गोळा करायच्या, असं धोरण धरलं. पहिल्या वर्षी एक विजय आणि १५ पराभव, दुसऱ्या वर्षी सगळे १६ पराभव. दुसरा हंगाम संपायच्या आत, डिसेंबर २०१७मध्ये, त्यांना घालवलं. त्यांनी जमवलेल्या जागांवर २०१८मध्ये पहिला आणि चौथा खेळाडू निवडला तो जॉन डॉर्सी या जुन्या स्काउटने. आकड्यांच्या माणसाचं पीक उशिरा येतं, आणि तोपर्यंत शेत दुसऱ्याच्या नावावर झालेलं असतं. त्यातून तो 'खेळ न कळणारा' ठरतो ते वेगळंच. रोझमन यांनी हे पुरेपूर भोगलंय. ते वकील, कधी न खेळलेले. पोरवयापासून संघांना पत्रं पाठवत राहिले, २०००मध्ये ईगल्समध्ये इंटर्न म्हणून शिरले आणि २०१०मध्ये जीएम झाले. २०१५मध्ये प्रशिक्षक चिप केली यांनी खेळाडू निवडीचे अधिकार काढून घेतले. वर्षअखेरीस केली गेले, रोझमन परतले, आणि पुढे दोन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले. तरी फिलाडेल्फियात आजही ऐकवतात, की २०२०मध्ये यांनी २१व्या क्रमांकावर जेलन रेगर घेतला आणि पुढे तारा ठरलेला जस्टिन जेफरसन २२व्या क्रमांकावर मिनेसोटाला गेला.

स्काउटिंगमधून किंवा मैदानावरून आलेल्या जीएमच्या चुका लोक लवकर पोटात घालतात. फॉर्टीनायनर्सने २०२१मध्ये ट्रे लान्स या क्वार्टरबॅकसाठी, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या खेळाडूसाठी, पहिल्या फेरीच्या तीन जागा मोजल्या, आणि २०२३मध्ये तो चौथ्या फेरीच्या एका जागेवर डॅलसला दिला. एवढी मोठी चूक तरली, कारण त्याच खोलीने २०२२च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२वा खेळाडू म्हणून ब्रॉक पर्डी या क्वार्टरबॅकला निवडलं होतं. २०२३मध्ये त्याचा पगार होता ८ लाख ७० हजार डॉलर आणि संघ सुपर बोलमध्ये. क्वार्टरबॅक एवढा स्वस्त असला की वाचलेला पैसा बाकीच्या संघावर घालता येतो. म्हणजे डोळ्याने शोधलेला एक खेळाडू आख्ख्या करारविभागाचं काम सोपं करतो. डेन्व्हरमध्येही तेच झालं. क्वार्टरबॅक रसेल विल्सनला २०२४मध्ये सोडल्यावर दोन वर्षांत मिळून सुमारे ८.५ कोटी डॉलर डेड मनी पडला. करारातली एवढी घोडचूक झाकली ती ड्राफ्टमधून आलेल्या नव्या क्वार्टरबॅकने, बो निक्सने, कारण त्याच हंगामात संघ प्लेऑफला गेला.

आत शिरायचं कुठून

स्काउटिंगची पहिली पायरी म्हणजे कॉलेज संघाच्या भरती कार्यालयात विद्यार्थी-मदतनीस, मग संघात स्काउटिंग असिस्टंट. विमानतळावरून लोकांना आणायचं, व्हिडिओ कापायचे, पगार मामुली. माजी खेळाडूंसाठी लीगची नन-वूटन फेलोशिप आहे. भारतातून थेट येणाऱ्याला हा दरवाजा जवळजवळ बंद आहे, असं मी स्पष्टच सांगेन. तुमचं बालपण न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये गेलं असेल आणि दहा वर्षं घराचा हप्ता भरायची घाई नसेल, तर तो उघडा आहे.

दुसऱ्या बाजूला कायदा, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र असे तीन दरवाजे आहेत. कायद्याचं उत्तम उदाहरण कॅथरिन रेश: क्विबेकमधल्या कर-वकील, कॅनडाच्या लीगमधून आल्या आणि २०२२मध्ये क्लीव्हलँडच्या सहायक जीएम झाल्या. अर्थशास्त्राचं क्वेसी अडोफो-मेन्सा: कमोडिटीजचे ट्रेडर, २०१३मध्ये फॉर्टीनायनर्सच्या संशोधन विभागात, २०२२मध्ये मिनेसोटाचे जीएम. स्काउटिंगच्या तेवीस वर्षांशी ही नऊ वर्षं ताडून बघा.

विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांसाठी एक अगदी रुक्ष पण निर्णायक मुद्दा आहे. डेटा सायन्स किंवा संख्याशास्त्राची पदवी स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या गटात मोडते, त्यामुळे शिक्षणानंतरच्या बारा महिन्यांच्या कामाच्या परवानगीला आणखी चोवीस महिने जोडता येतात. स्पोर्ट्स मॅनेजमेंटच्या पदवीला सहसा ती सवलत मिळत नाही. संघांच्या आकडेविभागात जम बसवायला एक वर्ष पुरत नाही. नुसत्या नावावर भाळून ती पदवी घेऊ नका. खेळ संघातच शिकायला मिळतो, आकडे मात्र घरून शिकून जावे लागतात.

आणि त्यासाठी व्हिसा हातात असण्याची वाटही बघायला नको. मैदानावरच्या प्रत्येक खेळाडूची सेकंदाच्या दहाव्या भागाला टिपलेली जागा लीग 'बिग डेटा बोल' स्पर्धेसाठी दरवर्षी खुली करते. कॅगल या डेटास्पर्धांच्या संकेतस्थळावर कुणीही भाग घेऊ शकतो, आणि त्यातून संघांनी माणसं उचललेली आहेत. ऑक्टोबरच्या सुमाराला डेटा येतो. कोथरूडमधल्या लॅपटॉपवरही तो उतरवता येतो.