मुलींच्या जर्सी करायच्या असतील तर मंगळवार पेठेतलं हे दुकान

पाचपैकी साडेचार स्टार. आमच्या मुलींच्या फुटबॉल टीमच्या जर्सी यंदा इथनं करून घेतल्या. कोल्हापुरात जर्सीवाल्यांना काही तोटा नाही, केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) फुटबॉल लीग सुरू झाली की शाहू स्टेडियमवर अख्खी पेठ आपापल्या तालमीच्या टीमच्या रंगात येते, पण मुलींचं माप म्हटलं की बऱ्याच ठिकाणी पोरांचीच लहान साइज हातात ठेवतात, खांदे उतरलेले आणि खाली नुसता झगा. इथं दुकानातल्या ताईंनी प्रत्येकीचं माप स्वतः घेतलं, खांद्याचा कट वेगळा ठेवला, आणि पांढऱ्या शॉर्टला आतनं अस्तर लावूया हे पण त्यांनीच सुचवलं. दर पोरांच्या जर्सीएवढाच, एक रुपया जास्त नाही.

रंग नॉर्वेचा लाल घेतला आणि पाठीवर एकच नाव, क्लावेनेस. दुकानातले दादा म्हणाले, हालंड टाका की, नॉर्वेचा स्टार स्ट्रायकर, सगळी तेच मागतात. मग त्यांना सगळं सांगितलंच. लीसे क्लावेनेस, जन्म 1981, नॉर्वेकडून 73 मॅच, 2003 आणि 2007 चे वर्ल्ड कप खेळली, आणि खेळता खेळता वकील झाली, न्यायाधीश म्हणून पण काम केलं. 2018 ला नॉर्वेच्या फुटबॉल फेडरेशनमध्ये आली आणि मार्च 2022 मध्ये अध्यक्ष, 1902 साली सुरू झालेल्या त्या संघटनेची पहिली बाई अध्यक्ष. त्याच महिन्यात दोह्याला फिफाची, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेची, काँग्रेस (सर्वसाधारण सभा) होती, आणि तिनं तिथं कतारमध्येच उभं राहून सांगितलं की 2010 ला वर्ल्ड कपची यजमानपदं ज्या पद्धतीनं दिली ते मान्य होण्यासारखं नाही, वर्ल्ड कपसाठी राबणाऱ्या मजुरांच्या सुरक्षेची हमी न देणाऱ्या मालकांना फुटबॉलमध्ये जागा नाही. नवी नवी अध्यक्ष, समोर जगभरातले पदाधिकारी, मला तर आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो. 2023 ला युएफाच्या (युरोपची फुटबॉल संघटना) कार्यकारिणीची निवडणूक हरली, पण बोलायचं सोडलं नाही, 2034 चा वर्ल्ड कप सौदीला मतदानाऐवजी नुसत्या टाळ्या वाजवून देऊन टाकायच्या पद्धतीला पण नॉर्वेनं विरोध नोंदवला, आणि 2025 ला ती त्याच कार्यकारिणीत पोचली. तिकडं नॉर्वेच्या पुरुषांची टीम 1998 नंतर पहिल्यांदा वर्ल्ड कपला पात्र झाली, ते पण इटलीला त्यांच्याच घरात 4-1 हरवून, म्हणजे खरं बोलणाऱ्या अध्यक्षामुळं खेळाचं वाटोळं होतं असं काही नाही बघा.

आपल्याकडं पोरी खेळतात, पण कॉलेज झालं की बूट माळ्यावर जातात, संघटनेत पद, रेफरी, मॅनेजर असली स्वप्नं त्यांना कुणी दाखवतच नाही, म्हणून हे नाव.

दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्पेलिंग नीट तपासून मगच प्रिंटला लावलं, हे मला फार आवडलं. प्रिंट सब्लिमेशनचं आहे, म्हणजे रंग कापडातच मुरवलेला, धुऊन धुऊन पण तसंच आहे. अर्धा स्टार कापला तो उशिराचा, कबूल केलेल्या तारखेला माल मिळाला नाही आणि फोन पण मीच करायचा. सीझन जवळ आला की तिथं पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळं ऑर्डर दिवाळीच्या आधी द्या आणि मुलींना सोबत घेऊनच जा, माप कागदावर लिहून पाठवलेलं ताई घेत नाहीत.