शेतिकां की ब्रॉड कोव्ह?

टोरोंटोची एक मैत्रीण आरव्ही (राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन कॅनडाच्या पूर्व टोकाकडच्या केप ब्रेटन बेटावर निघाली आहे. तिथल्या हायलँड्स राष्ट्रीय उद्यानात गाडी लावून राहण्याचे दोन तळ: पश्चिमेला शेतिकां, पूर्वेला ब्रॉड कोव्ह. मुक्काम कुठे टाकावा, हा तिचा प्रश्न.

सोयींवरून निवडता येणार नाही. वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेल्या जागा दोन्हीकडे मिळतात. ऐन जुलै-ऑगस्टसाठी बुकिंग मात्र वेळेत करावं.

खरा फरक वाऱ्याचा. शेतिकांच्या बाजूला डोंगरावरून आग्नेयेचे वारे कोसळतात. स्थानिक फ्रेंच भाषक त्यांना 'ले स्युएत' म्हणतात, आणि ते ताशी 100 किलोमीटरच्याही पुढे जातात. उन्हाळ्यात त्रास कमी, पण उंच गाडी असेल तर हवामानाचा अंदाज बघितल्याशिवाय गाडीच्या बाजूचं कापडी छत (ऑनिंग) उघडू नये. शरद ऋतूत जाणाऱ्यांनी तर हे गांभीर्यानेच घ्यावं.

भटकंतीत शेतिकां सरस: स्कायलाइनची पायवाट जवळ, सूर्यास्त समुद्रावर, आणि किराण्यासाठी अकेडियन (फ्रेंच वंशाच्या लोकांचं) गाव हाताशी. ब्रॉड कोव्हहून स्कायलाइन गाठायची तर नॉर्थ आणि मॅकेन्झी हे दोन्ही डोंगर ओलांडावे लागतात. जड आरव्हीच्या ब्रेकची परीक्षाच. पण तिथून समुद्र चालत जाण्याइतका जवळ, सूर्योदय पाण्यावर, शिवाय इंगोनिशचा किनारा थोड्याच अंतरावर.

चालायची हौस असेल तर शेतिकां. लहान मुलं बरोबर असतील, किंवा सप्टेंबरनंतर मोठी गाडी नेणार असाल, तर ब्रॉड कोव्ह. हाताशी चार-पाच रात्री असतील तर मुक्काम दोन्हीकडे विभागावा, म्हणजे घाट एकदाच चढावा लागेल.