एम.ए.च्या क्रेडिटवर अमेरिकेत एमबीए : आमच्या घरात झालेली फसवणूक

माझ्या धाकट्या बहिणीने पुण्यात अर्थशास्त्राच्या एम.ए.ची दोन सत्रं पूर्ण केली आणि मुंबईत बँकेत नोकरी लागल्यावर शिक्षण सोडलं. काही वर्षांनी तिने अमेरिकेतल्या एमबीएची तयारी सुरू केली. एमबीए प्रवेशासाठीच्या जीमॅट परीक्षेत स्वतःच्या अभ्यासावर चांगले गुण मिळवले. अर्धवट एम.ए.चं काय करायचं, एवढाच प्रश्न होता. नेमका तोच प्रश्न हेरून पुण्यात डेक्कनवरच्या एका परदेशी प्रवेशाच्या सल्लागाराने आमच्याकडून १,८०,००० रुपये उकळले. नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण पद्धत सविस्तर सांगतो, कारण ती इतर पालकांवरही वापरली जात असणार.

पहिल्याच भेटीत त्याने बहिणीला मोबाईलवर डिजिलॉकर उघडायला लावलं आणि अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा असलेली तिची क्रेडिट्स, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक, आईला दाखवली. “बघा काकू, सरकारनेच ठेवलीत जपून. हीच तिकडे ट्रान्सफर करायची. दोन वर्षांचं एमबीए दीड वर्षात, फीसुद्धा तेवढी कमी.” यातली बँक खरी आहे. २०२१ पासून ती यूजीसीच्या नियमांनुसार चालते. म्हणूनच ऐकणाऱ्याला शंका येत नाही. पण तिचा व्यवहार आपल्याकडच्या नोंदणीकृत संस्थांपुरता असतो, अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलशी तिचा काडीचाही संबंध नाही.

हार्वर्ड बिझनेस स्कूल दुसरीकडे मिळवलेली क्रेडिट्स आपल्या एमबीएत धरत नाही. व्हार्टन या तिथल्याच दुसऱ्या नावाजलेल्या बिझनेस स्कूलमध्ये आधी शिकलेल्या काही विषयांतून सूट मागता येते, पण ती मिळाली तरी त्या जागी दुसरा विषय घ्यावाच लागतो. ना कालावधी घटतो, ना फी. सल्लागार मंडळी ‘सूट’ दाखवून ‘क्रेडिट’ विकतात, ती चलाखी इथेच आहे.

८०,००० रुपये ‘प्रोफाइल’चे म्हणून आधी घेतले होते. ‘क्रेडिट इव्हॅल्युएशन’चे १,००,००० नंतर. त्या लाखाच्या बदल्यात आलेला दाखला माझ्यासमोर आहे. जाड कागद, सोनेरी ठसा, खाली न वाचता येणारी सही. संस्थेच्या पत्त्याच्या जागी फक्त ‘यूएसए’. पडताळणी क्रमांक नाही. आणि विषयांच्या यादीत सांख्यिकीचा एक असा पेपर, जो बहिणीने कधी दिलेलाच नाही! परदेशी शिक्षणासाठी गुणपत्रकांचं मूल्यांकन करणाऱ्या खऱ्या संस्था आहेत, पण त्या विद्यापीठाकडून आलेली कागदपत्रं तपासतात आणि त्यांची फी लाखाच्या आसपासही जात नाही. शिवाय कोणत्या स्कूलला मूल्यांकन हवं, कोणाला नको, हे ज्याच्या त्याच्या प्रवेशाच्या पानावर लिहिलेलं असतं.

बहिणीने विचारलं, “सर, नक्की कोणती स्कूल ही क्रेडिट्स धरणार?” त्यानंतर त्याची भाषाच बदलली. म्हणे, एम.ए. दाखवूच नको, दुसऱ्या सत्राचे गुण कमी आहेत, उगाच नाट लागेल. ज्या एम.ए.च्या जोरावर लाख रुपये घेतले, तेच लपवायचं! मला सगळ्यात जास्त राग या सल्ल्याचा येतो. पैसे गेले ते गेले, पण यात पोरीचं भवितव्यच धोक्यात येत होतं. नावाजलेल्या स्कूलच्या अर्जात पदवी मिळालेली असो वा नसो, बारावीनंतर जिथे जिथे शिकलात त्या सगळ्या संस्थांची नावं मागतात आणि माहिती पूर्ण व खरी असल्याचं लिहून घेतात. प्रवेश मिळाल्यावर अनेक स्कूल त्रयस्थ कंपनीकडून शिक्षण आणि नोकरीची पडताळणी करून घेतात. त्यात लपवाछपवी सापडली तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो. अर्धवट सोडलेलं शिक्षण हा मुळात कलंक नाही. अर्जातल्या ऐच्छिक निबंधात चार सरळ ओळींत कारण लिहिता येतं, आणि अर्थशास्त्राचे पेपर तर गणिती तयारीचा पुरावा म्हणून उपयोगीच पडतात.

शेवटचा प्रकार शिफारसपत्राचा. अर्ज भरण्यासाठी त्याने बहिणीचा पासवर्ड घेतला होता. तिने सहज लॉगिन करून पाहिलं, तर शिफारस देणाऱ्या बँकेतल्या साहेबांच्या नावापुढे भलताच जीमेल पत्ता. साहेबांना फोन केला, तर त्यांना यातलं काही माहीतच नाही. म्हणजे पत्रही हाच लिहिणार आणि साहेब म्हणून पाठवणारही हाच. अर्ज जमा झालेला नव्हता, म्हणून निभावलं. तिने पासवर्ड बदलला, पत्ता दुरुस्त केला, एम.ए.ची दोन्ही गुणपत्रकं जोडली आणि अर्ज स्वतः पूर्ण केला.

पैसे मागायला गेलो तेव्हा त्याने पावतीवरचं ‘शुल्क परत मिळणार नाही’ हे वाक्य पुढे केलं. पावतीवर असं छापलं म्हणून फसवणूक माफ होत नाही. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. व्हॉट्सॲपवरचा ‘एम.ए. दाखवू नको’ हा मेसेज त्याने नंतर डिलीट केला, पण बहिणीने स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, तो तक्रारीला जोडला आहे. तुमच्याकडेही असाच सोनेरी ठशाचा दाखला असेल, तर मूळ प्रत त्याच्या हाती परत देऊ नका. “दुरुस्त करून देतो” म्हणून तो आमच्याकडे ती मागत होता.