तेरा वाक्यांची चाळणी : शाळकरी मुलांमधील नैराश्यासाठीची एक मोफत प्रश्नावली

सातवीतला माझा मुलगा उदास असा कधी दिसलाच नाही. तो चिडका झाला होता. दर सोमवारी सकाळी त्याचे पोट दुखे, क्रिकेटसाठी हाका मारणाऱ्या मित्रांना ‘झोपलाय म्हणून सांग’ असा निरोप जाई, आणि ‘वयात येतोय’ एवढे म्हणून आम्ही मोकळे होत असू. मुलांच्या नैराश्यात उदासीऐवजी चिडचिडच ठळक असू शकते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

त्याच सुमारास ‘मूड अँड फीलिंग्ज क्वेश्चनेअर’ची छोटी आवृत्ती हाती आली. अँगोल्ड आणि कॉस्टेलो या संशोधकांची ही प्रश्नावली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. गेल्या दोन आठवड्यांविषयीची १३ वाक्ये आणि प्रत्येकापुढे ‘खरे’, ‘कधीकधी’, ‘खरे नाही’ असे तीन पर्याय एवढाच तिचा पसारा असल्याने पाच-दहा मिनिटांत काम होते. गुण ० ते २६ पर्यंत मिळतात.

तिचे खरे मोल मात्र बेरजेत नाही, तर मुलासाठी एक आणि पालकांसाठी एक असे दोन वेगळे कागद असण्यात आहे. मी भरलेल्या कागदावर ६ गुण झाले, त्याच्या कागदावर १५. ‘तो फार थकलेला असतो’ यावर आमचे एकमत होते, कारण थकवा डोळ्यांना दिसतो. पण आपल्यावर कोणाचे खरे प्रेम नाही, या अर्थाच्या वाक्यापुढे त्याने ‘खरे’वर खूण केली होती आणि मी ‘खरे नाही’वर. तो कागद मी बराच वेळ हातात धरून बसले होते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. झोप, भूक आणि जीव नकोसा वाटणे यांविषयी छोट्या आवृत्तीत एकही वाक्य नाही. त्यासाठी ३३ वाक्यांची मोठी आवृत्तीच घ्यावी लागते, त्यामुळे गुण कमी आले म्हणून निर्धास्त होणे धोक्याचे आहे. शिवाय इंग्रजी वाक्ये मी घरच्या मराठीत समजावून सांगितली, म्हणजे मोजपट्टी थोडी वाकलीच. ही चाळणी आहे, निदान नव्हे. मूल मरणाची भाषा बोलत असेल तर कागद भरत बसू नये, थेट डॉक्टरांकडे जावे; शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही चोवीस तास विनाशुल्क चालू असतो.

आम्ही दोन्ही कागद घेऊन बालमानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी बेरजेवर केवळ नजर टाकली, उत्तरे जुळत नव्हती त्या वाक्यांपुढे पेन्सिलीने खुणा केल्या आणि मला बाहेर बसायला सांगितले.